गारपीट : नांगर घालण्याआधी पीक पाहा

खानदेशात रब्बी हंगामाचा शेवट आणि अवकाळी वादळांची सुरुवात जवळपास एकाच वेळी होते. पिंपळनेर (ता. साक्री, जि. धुळे) परिसराचेच उदाहरण घ्या. पांझरेच्या आणि विहिरींच्या पाण्यावर घेतलेला उन्हाळ कांदा मार्चमध्ये पोसत असतो. गहू ओंबीत दाणे भरून उभा असतो, हरभरा खळ्यावर आलेला असतो आणि डाळिंबाच्या बागेत आंबे बहाराची फुले-फळे असतात. बियाणे, खते, फवारणी, मजुरी असा सगळा खर्च जमिनीत गेलेला असतो आणि उत्पन्न मात्र अजून हाती यायचे असते. नेमक्या अशा वेळी दुपारी आभाळ भरून येते, वावधन सुटते आणि पंधरा-वीस मिनिटांच्या गारपिटीत चार महिन्यांच्या मेहनतीवर पाणी पडते.

गारपीट होऊन गेल्यावर शिवारात गेले की एक प्रश्न हमखास कानावर येतो. "साहेब, आता नांगरच घालू का?" या प्रश्नामागची हताशा समजण्यासारखी आहे. परंतु दुसऱ्याच दिवशी घेतलेला हा निर्णय पुष्कळदा चुकीचा ठरतो. पूर्ण गेल्यासारखे दिसणारे पीक काही वेळा आठवडाभरात सावरते. याउलट फारसे काही झाले नाही असे वाटणारे पीक आतून निकामी झालेले असते. म्हणून गार म्हणजे काय, ती पिकाला कोणत्या अवस्थेत किती इजा करते आणि नुकसान कमी करण्याच्या संधी कोणत्या, याची माहिती प्रत्येक शेतकऱ्यास असणे आवश्यक आहे.

गार कशी तयार होते?

फेब्रुवारीच्या अखेरीपासून जमीन तापू लागते. याच काळात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून थंड हवेचे झोत येत असतात, त्यांना पश्चिमी प्रकोप म्हणतात. त्यांचा प्रभाव कधी कधी महाराष्ट्रापर्यंत पोहोचतो. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून दमट वारे आत आले, तर खाली उष्ण व दमट हवा आणि वर थंड व कोरडी हवा अशी अस्थिर स्थिती निर्माण होते. खालची हवा झपाट्याने वर चढते आणि दहा किलोमीटरहून अधिक उंचीचे गडगडाटी ढग तयार होतात.

मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे साधारण चार ते पाच किलोमीटर उंचीवर तापमान शून्य अंशावर येते. त्याच्या वरच्या भागात ढगातील पाण्याचे अनेक थेंब शून्याखालीही न गोठता द्रवरूपातच राहतात. बर्फाचा एखादा कण त्यांच्या संपर्कात आला की हे थेंब त्याच्यावर आदळून गोठतात. वर चढणारा वारा जितका जोरदार, तितका जास्त वेळ गार ढगात तरंगत राहते आणि तितकी मोठी होते. वाऱ्याला तिचे वजन पेलेनासे झाले की ती खाली येते. मोठी गार फोडून पाहिल्यास आत कांद्यासारखे पारदर्शक व पांढरट थर दिसतात.

लहान गारा खाली येताना बऱ्याचदा वितळून जातात. मोठ्या गारांचा वेग मात्र आकाराबरोबर वाढतो. एक सेंटीमीटर व्यासाची गार ताशी साधारण ३५ किलोमीटर वेगाने पडते, तर पाच सेंटीमीटर व्यासाची गार ताशी १०० किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाने येते. जोडीला ढगातून खाली कोसळणाऱ्या थंड हवेचा झोत असतो. उभा गहू आडवा करणारा आणि केळीची झाडे मोडणारा वारा हाच.

गारांचा पट्टा सहसा अरुंद असतो, रुंदीला काही किलोमीटर. त्यामुळे एका शिवारात सर्व काही झोडपले जाते आणि शेजारच्या शिवारात केवळ पावसाचे चार थेंब पडतात. पावसाळा स्थिरावल्यावर गारा क्वचितच पडतात. त्या काळात शून्य अंशाची पातळी अधिक उंचावर जाते आणि वरच्या हवेतील ती थंड-कोरडी स्थितीही राहत नाही.

हे संकट नवे नाही

३० एप्रिल १८८८ रोजी उत्तर प्रदेशातील मुरादाबाद परिसरात झालेल्या गारपिटीत २४६ माणसे दगावली. गारपिटीतील सर्वाधिक जीवितहानी म्हणून जागतिक हवामान संघटनेने या घटनेची नोंद घेतली आहे. १४ एप्रिल १९८६ रोजी बांगलादेशातील गोपाळगंज येथे तर एक किलोहून अधिक वजनाची गार नोंदली गेली.

महाराष्ट्राला सर्वात मोठा धडा मिळाला तो २०१४ साली. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत पुन्हा पुन्हा गारा पडल्या आणि राज्यातील २८ जिल्ह्यांना त्याची झळ बसली. गहू, हरभरा, ज्वारी, कांदा, द्राक्ष, डाळिंब, केळी यांपैकी जे पीक शेतात होते ते सापडले. मार्च २०२३ मध्ये साक्री तालुक्यानेही गारांचा मारा सोसला. तेव्हा "आपल्याकडे गारा कधीतरीच पडतात" असे म्हणून निश्चिंत राहता येणार नाही.

नुकसान पिकाच्या अवस्थेवर ठरते

किती गारा पडल्या याइतकेच त्या कोणत्या अवस्थेत पडल्या हे महत्त्वाचे असते. अमेरिकेच्या मध्य भागातील मैदानी प्रदेशात वसंत ऋतूत अशीच वादळे होतात. तेथे गारपीट विम्यासाठी अनेक वर्षे पिकांची पाने मुद्दाम कापून प्रयोग केले गेले. मक्याच्या बाबतीत असे आढळले की सात पानांच्या अवस्थेत सर्व पाने गेली तरी उत्पादनात साधारण नऊ टक्केच घट येते. तुरा बाहेर पडण्याच्या वेळी सर्व पाने गेली तर मात्र जवळपास सर्व उत्पादन बुडते. आपल्याकडील वाण व हवामान वेगळे असल्याने आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण त्यामागील तत्त्व तेच आहे.

या फरकाचे कारण वाढबिंदूत आहे. नवी पाने ज्या कोवळ्या टोकातून निघतात तो वाढबिंदू. मक्याचा वाढबिंदू पाच-सहा पानांपर्यंत जमिनीखाली सुरक्षित असतो. गव्हाचा फुटवे येईपर्यंत जमिनीलगत असतो, कांडी धरल्यावर तो वर सरकतो. कांद्याचा वाढबिंदू गड्ड्याच्या तळाशी असतो, त्यामुळे कांदा पोसण्यापूर्वी पात झोडपली तरी नवी पात येते. कांदा पोसू लागल्यानंतर नवी पात येणे थांबते, म्हणून त्या वेळी पात गेल्यास कांदा लहान राहतो. माना पडल्यानंतर पात गेल्याने वजनात फारशी घट येत नाही. त्या वेळी खरा धोका उघड्या गड्ड्याला गारेचा मार लागण्याचा आणि तो भिजण्याचा.

गार थांबविणे आपल्या हाती नाही. परंतु नुकसान कमी करण्याच्या तीन संधी मात्र आपल्या हाती आहेत : लागवडीच्या वेळी, इशारा मिळाल्यावर आणि गारपिटीनंतरच्या आठवड्यात.

पहिली संधी : लागवडीच्या वेळी

१) सर्व क्षेत्र एकाच अवस्थेत ठेवू नये. रब्बी कांद्याची पुनर्लागवड शिफारशीत काळातच, पण दोन टप्प्यांत पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने करावी. एक टप्पा सापडला तरी दुसरा सावरण्याची शक्यता राहते.

२) बागायती गव्हाची वेळेवर पेरणी १ ते १५ नोव्हेंबर दरम्यान उरकावी. उशिरा पेरलेला गहू वादळांच्या काळात अधिक दिवस शेतात उभा राहतो.

३) नत्राचा हप्ता उशिरा व जास्त देऊ नये. गहू उंच व लुसलुशीत होऊन लोळतो, कांद्याच्या माना जाड राहतात आणि साठवणीत कांदा सडतो.

४) केळी व पपईच्या बागेभोवती, विशेषतः पश्चिम व दक्षिण बाजूस, शेवरीसारखी वारा अडविणारी झाडे लावावीत. केळीच्या घड निसवलेल्या झाडांना टेकू द्यावा किंवा पट्टीने बांधावे.

५) डाळिंबाच्या बागेवर आणि रोपवाटिकेवर गारपीट प्रतिबंधक जाळी परवडत असल्यास बसवावी. जाळीला उतार ठेवावा, म्हणजे गारा साचत नाहीत. साचलेल्या गारांच्या वजनाने खांबासह जाळी बागेवर कोसळल्यास दुहेरी नुकसान होते.

६) कांदा चाळीची डागडुजी व ताडपत्रीची सोय काढणीपूर्वीच करून ठेवावी. आभाळ भरून आल्यावर ताडपत्री शोधत फिरण्यात अर्थ नाही.

दुसरी संधी : इशारा मिळाल्यावर

भारतीय हवामान विभाग जिल्हावार इशारे रंगांनी देतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे तातडीने कृती करा. पुढील काही तासांचा तातडीचा अंदाजही दिला जातो. कृषी हवामान सल्ल्यासाठी 'मेघदूत' आणि विजेच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' ही मोबाईलवरील साधने उपयुक्त आहेत. घरातील शिकलेल्या मुला-मुलींकडे ते पाहण्याचे काम सोपवावे.

जिल्ह्याचा इशारा म्हणजे आपल्याच शिवारात गारा पडणार असे नव्हे. म्हणून आभाळही वाचता आले पाहिजे. सकाळपासून उकाडा, हवेत दमटपणा, दुपारी फुलकोबीच्या गड्ड्यासारखा वर वाढत जाणारा ढग, त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरलेला, तळ काळसर-हिरवट आणि मग अचानक सुटलेला गार वारा, ही लक्षणे दिसल्यास वेळ थोडा आहे असे समजावे. अशी वादळे बहुधा दुपारनंतर ते रात्रीच्या पहिल्या प्रहरापर्यंत येतात.

इशारा मिळताच पुढील कामे करावीत :

१) काढणीस तयार असलेला गहू व हरभरा प्राधान्याने काढावा. कापलेल्या मालाची उंचवट्यावर सुडी रचून ताडपत्रीने झाकावी. ताडपत्रीच्या कडा दगडांनी दाबाव्यात.

२) उपटून शेतात सुकत पडलेला कांदा गोळा करून ढीग करावा व झाकावा. वादळ ओसरताच ताडपत्री काढावी, अन्यथा आत वाफ धरून कांदा सडतो. ज्या शेतातील कांद्याच्या माना अजून पडलेल्या नाहीत, तो केवळ भीतीपोटी उपटू नये. असा कांदा टिकत नाही.

३) उभ्या पिकास पाणी देणे व फवारणी करणे थांबवावे. ओल्या जमिनीत पीक लवकर लोळते. पाण्याचे चर मोकळे करावेत.

४) जनावरे गोठ्यात आणावीत. गोठ्यावरील सैल पत्रे बांधून घ्यावेत.

५) माणसाचा जीव सर्वात आधी. वीज कडाडू लागताच काम सोडून पक्क्या घरात जावे. झाडाखाली थांबू नये. विहिरीची मोटार सुरू-बंद करण्यास जाऊ नये. गारांमध्ये उघड्यावर सापडल्यास घमेले, पाटी किंवा जाड गोणपाट डोक्यावर धरून डोके व मान वाचवावी. ताडपत्री ओढण्यासाठी मजूर बाया-माणसांना वादळात शेतात पाठवू नये. चार क्विंटल कांदा पुन्हा पिकविता येतो.

तिसरी संधी : गारपिटीनंतरचा आठवडा

पहिला दिवस : साचलेले पाणी चर काढून बाहेर काढावे. मुळांना हवा मिळाली तरच पीक सावरेल. वाफसा येईपर्यंत शेतात फिरणे, कोळपणी व पाणी देणे टाळावे. नुकसानीची छायाचित्रे घ्यावीत.

दुसरा व तिसरा दिवस : मोडलेल्या फांद्या, फाटलेली फळे व सडू लागलेला भाग गोळा करून शेताबाहेर नष्ट करावा. गारेची प्रत्येक जखम हे बुरशी व जिवाणूंसाठी उघडे दार असते. म्हणून पाने कोरडी होताच शिफारशीत बुरशीनाशकाची फवारणी करावी. वापरण्यापूर्वी औषधाच्या लेबलवर त्या पिकाचे नाव आहे याची खात्री करावी आणि फवारणी व काढणी यांतील दिवसांचे अंतर पाळावे.

सातवा ते दहावा दिवस : आता पीक पाहून निर्णय घ्यावा. शेताच्या चार-पाच ठिकाणची प्रत्येकी दहा झाडे तपासावीत. मक्याचे किंवा गव्हाचे खोड उभे चिरून पाहावे. वाढबिंदू पांढरट, घट्ट व रसरशीत असेल तर झाड जिवंत आहे. तो तपकिरी व मऊ झाला असेल तर झाड गेले. किती झाडे जिवंत आहेत, हंगाम किती उरला आहे आणि पाणी किती आहे, या तीन गोष्टींचा हिशेब मांडावा. निम्म्याहून अधिक झाडे जोमाने फुटत असतील तर पीक राखणे बहुधा फायद्याचे ठरते. तसे नसल्यास आणि पाणी असल्यास मूग, भुईमूग किंवा चाऱ्याची मका यांचा विचार करावा. पाणी नसल्यास उगाच खर्च वाढवू नये.

पीकवार काळजी

कांदा : पोसण्यापूर्वी पात फाटली असल्यास करप्यासाठी मँकोझेब २५ ग्रॅम १० लिटर पाण्यात चिकट द्रव्यासह फवारावे. पीक वाढीच्या सुरुवातीच्या काळात असेल तरच एक टक्का युरियाची (१० लिटर पाण्यात १०० ग्रॅम) फवारणी द्यावी. काढणी जवळ असल्यास नत्र देऊ नये. मार लागलेले कांदे वेगळे निवडून लगेच विकावेत. असा एक कांदा चाळीत शेजारच्या दहा कांद्यांना सडवितो.

गहू : दाणे चिकात असताना पीक केवळ लोळले असेल तर ते थोडेफार उभारी धरते, त्याला हात लावू नये. ओंबीखाली काडी मोडली असल्यास दाणा भरणार नाही. पिकलेला गहू भिजला असल्यास ऊन पडताच कापणी-मळणी करून दाणे चांगले वाळवावेत व बियाण्यासाठी राखू नयेत.

डाळिंब : सालीवरील जखमांतून तेल्या रोग शिरतो. मोडलेल्या फांद्या निर्जंतुक कात्रीने खाली निरोगी भागापर्यंत छाटून कापावर दहा टक्के बोर्डो पेस्ट लावावी. बागेवर अर्धा ते एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी करावी. फळे असताना कमी तीव्रता वापरावी. एक टक्क्यासाठी १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद व एक किलो चुना लागतो.

केळी : पाने चिरली म्हणून ती सर्व कापू नयेत. फाटलेले हिरवे पानही अन्न तयार करते. पूर्ण मोडलेली व लोंबणारी पानेच काढावीत. झाड मोडले असल्यास ते कापून जोमदार पील राखावे.

गारविरोधी तोफांबाबत

मोठा आवाज करून गारा फोडणाऱ्या तोफांबद्दल शेतकरी विचारणा करतात. ही कल्पना जुनी आहे. १८९६ साली ऑस्ट्रियात अल्बर्ट स्टिगर यांनी द्राक्षमळ्यांसाठी अशा तोफा उडविल्या आणि पाठोपाठ इटलीत हजारो तोफा बसल्या. त्यानंतर झालेल्या चाचण्यांत मात्र उपयोग दिसून न आल्याने त्या मागे पडल्या. या तंत्राला शास्त्रीय आधार नसल्याचे जागतिक हवामान संघटनेनेही म्हटले आहे. तो पैसा जाळी, ताडपत्री व चाळीवर खर्च करणे शहाणपणाचे होय.

पंचनामा व विमा

शासकीय मदतीसाठी पूर्वी पिकाचे ५० टक्के नुकसान होणे आवश्यक होते. २०१५ पासून ही मर्यादा ३३ टक्के आहे. पंचनाम्याच्या वेळी सात-बाऱ्यावर त्या हंगामाची पीक नोंद असणे महत्त्वाचे ठरते, म्हणून ई-पीक पाहणी वेळेवर करावी. नुकसान होताच गावचे तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी) व कृषी विभागाचे कर्मचारी यांना कळवावे. पंचनामा होईपर्यंत शेत साफ करू नये. रोगट भाग काढणे अपरिहार्य असल्यास आधी छायाचित्रे घ्यावीत व एक पट्टा तसाच राखावा.

पीक विम्याच्या अटी हंगामागणिक बदलल्या आहेत. स्थानिक आपत्तीला संरक्षण आहे किंवा नाही, फळपिकासाठी गारपिटीचा वेगळा हप्ता भरावा लागतो काय आणि सूचना किती तासांत द्यावयाची, हे त्या हंगामाच्या शासन निर्णयावरून हप्ता भरतानाच समजून घ्यावे. गारा पडल्यावर अटी वाचण्यात उशीर झालेला असतो.

समारोप

गारपीट कोणाच्या शिवारात होईल हे सांगता येत नाही. पण लागवडीचे टप्पे, हाताशी असलेली ताडपत्री, मोकळे चर आणि वेळेवरची एक फवारणी एवढ्या साध्या गोष्टींनी बुडणाऱ्या पिकातील काही भाग हाती लागतो. आणि शेवटी तो प्रश्न, "साहेब, नांगर घालू का?" त्याचे उत्तर असे : आज नको. पाणी काढा, जखमा धुवा, पंचनामा करून घ्या आणि आठ दिवसांनी खोड चिरून पाहा. नांगर घालायचा की नाही, हे पीकच सांगेल.